खडकावरची वाळू

स्योकाऊने कुदळ मारली आणि ती ठण्णकन उडाली. खाली खडक. चार पावलं सरकून पुन्हा मारली, तिथेही खडकच. कोरड्या नदीच्या मध्यावर ती कुदळ धरून नुसतीच उभी राहिली. तिचं डोकंच चालेना.

इथे तर पाणी होतं! पावसानंतर तीन आठवडे चांगलं डबकं साचलेलं तिने या डोळ्यांनी पाहिलं होतं. पूर्वी याच जागी पुरुषभर वाळू उपसावी, तेव्हा कुठे झिऱ्याला पाझर फुटायचा. गुडघ्यांची पार वाट लागायची. आता वाळूच नाही, म्हणजे पाणी हाताशी हवं. मग मेलं गेलं कुठे? घरात लेक मुथेऊ चार दिवसांची बाळंतीण, आणि रांजणाच्या तळाला पेलाभर गढूळ पाणी.

थोडं खाली शेजारणीचा, कातुंगेचा झिरा होता. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. मालकिणीला विचारल्याशिवाय ते काटे कोणी हलवत नाही. कातुंगे झिऱ्यात गळ्यापर्यंत उतरून भोपळ्याच्या वाटीने डबा भरत होती.

"काय गं, नदीला मारतेस होय?"

"मला काही कळतच नाही बाई. उन्हाने पाणी प्यायलं म्हणावं, तर तुझ्याकडे कसं?"

"माझ्या पाण्यावर वाळूचं पांघरूण आहे ना! उघडं पडलं की ऊन चाटून जातं. आणि माझ्याकडे तरी किती उरलंय? गेल्या साली कमरेएवढं खणलं की लागायचं. वरची वाळू ट्रकवाल्यांनी नेली, तिथूनच तर मला झिरपायचं. ज्याने त्यांना बोलावलं त्याचे हात झडोत!"

स्योकाऊने हात लुगड्यात लपवले. ओळीने चार बाजारच्या दिवशी, सगळे बाजाराला गेल्याने गाव ओस असताना, ट्रक आला होता. "ने बाबा सगळी, माझं खणणं तरी वाचेल," असं तीच म्हणाली होती.

कातुंगेने काटे बाजूला ओढले.

"ये. मुथेऊसाठी हा डबा ने आधी."

डबा काठोकाठ भरलेला होता. स्योकाऊने तो उचललाच नाही.

"कातुंगे."

"आता काय?"

"त्या ट्रकवाल्याला मका उकडून घातला होता मी. दर बाजारी."

कातुंगेच्या हातातली वाटी तशीच राहिली.  मग ती झिऱ्यातून वर आली, अंगाची वाळू झटकली आणि वाटी पुढे केली.

"उतर खाली. गुडघे माझेही दुखतात."