इंजिनाची हजेरी

"परत मिसिंग. तिसरा सिलिंडर मारत नाहीये," बाबा बॉनेटमध्ये न डोकावताच म्हणाले, आणि टॅक्सीवाले काका माझ्याकडे रोखून बघायला लागले.

त्यांची टॅक्सी मी आदल्याच दिवशी सर्व्हिसिंग करून दिली होती. पुलाच्या चढावर तिनं मान टाकली, मागच्या गाड्यांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि आता ती झटके देत आमच्या गॅरेजच्या दारात उभी होती. बाबांनी मान तिरकी करून पुन्हा ऐकलं आणि तिसऱ्या प्लगच्या वायरीकडे बोट दाखवलं. वायर सैल होती. मी अंगठ्यानं दाबली, ठक् वाजलं, इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं.

"लक्ष कुठं असतं गं तुझं?" बाबा म्हणाले. तेही काकांसमोर.

हे असं पहिल्यांदा होत नव्हतं. त्याआधी नर्सबाईंची गाडी, त्याआधी फोटोग्राफरची. दरवेळी मीच हात लावलेली गाडी, दरवेळी एखादी वायर सैल आणि दरवेळी वेगळी. वायर दाबल्यावर ठक् ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही. निदान तसं मला वाटायचं. मी वायरींना दोष दिला, उन्हाला दिला, नर्सबाईंच्या गाडीला तर वायरींचा अख्खा सेट नवा टाकला. ती तरीही परत आली. एकाच गाडीत दोष असता तर मी तो शोधून काढला असता, पण हा दोष गावभर हिंडत होता आणि प्रत्येक ठिकाणी माझंच नाव सांगत होता.

डोकं चालेना. मी घरी जाऊन गॅस बंद आहे ना ते दोनदा बघायला लागले, कुलूप ओढून बघायला लागले. आपल्या हातावर आपलाच भरवसा उरला नाही तर गॅरेजमध्ये उभं राहून करायचं काय? स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर एक जागा होती, तिथं विचारून यावं असं मनात घोळत होतं.

बाबांना मात्र या दिवसांत पालवी फुटली होती. नव्या गाड्यांना मशीन लावलं की बिघाड पडद्यावर येतो, त्यामुळे मधली काही वर्षं ते स्टुलावर बसून नुसते जांभया देत. आता बिघडून आलेली प्रत्येक गाडी ते नुसत्या कानानं ओळखत होते आणि गिऱ्हाइकं "काय कान आहे मास्तरांचा" म्हणत होती. ते चक्क शीळ घालायला लागले होते.

त्यांना मास्तर म्हणतात ते हजेरीमुळे. जुनी गाडी गॅरेजमधून निघण्याआधी ते चालू इंजिनाची हजेरी घेतात. एका प्लगची वायर काढायची आणि ऐकायचं. इंजिन अडखळलं म्हणजे तो सिलिंडर काम करत होता, हजर. काहीच फरक पडला नाही म्हणजे गैरहजर. मग वायर परत बसवायची आणि पुढचीकडे वळायचं. मी दप्तर घेऊन गॅरेजमध्ये येत होते तेव्हापासून हे बघत आलेय. त्यामुळेच असेल, पण शंका सगळ्यांवर घेतली आणि त्या हजेरीवर कधी घ्यावीशी वाटली नाही.

शनिवारी नर्सबाईंची गाडी तिसऱ्यांदा आली. मी माझं काम करून चारही वायरी दाबून घेतल्या आणि या वेळी गाडी सोडून हलले नाही. बाबांनी हजेरी घेतली. चौथी वायर बसवून ते तिथंच मान तिरकी करून ऐकत राहिले. त्यांचा दुसरा हात एक्झॉस्टच्या पाइपावर टेकला होता. तो पाइप इतका तापतो की चुकून बोट लागलं तरी माणूस उडी मारतो. बाबा आरामात उभे होते.

मी त्यांचा हात खेचला. तळव्याची कड लालभडक झाली होती.

त्यांनी हाताकडे बघितलं, मग पाइपाकडे. "गरम होता का?" त्यांनी विचारलं.

मी वाकून चौथ्या वायरीला नुसतं बोट लावलं. ती हलली. नुसती टेकली होती, रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात निसटली असती.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. माझे हात ठीक होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मग बाबांकडे बघितलं आणि त्या आनंदाची मला लाज वाटली. मी वायर दाबली. ठक् वाजलेलं त्यांनीही ऐकलं.

"मी बसवली होती," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बसल्यासारखी वाटली."

नर्सबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, भाजलेल्या हातावर पाणी ओतलं आणि तोंड भिंतीकडे करायला सांगितलं. मग त्या किल्लीच्या टोकानं त्यांची बोटं एकेक करून टोचत गेल्या आणि कळतंय का विचारत गेल्या. बाबा भिंतीकडे बघत चटचट "हो, हो" म्हणत होते. एकदा तर किल्ली हवेतच होती तरी हो म्हणाले. नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. नसांचं दुखणं असावं, रक्तातली साखर तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका, असं त्यांनी बजावलं.

बाबा स्टुलावरून उठले. मग त्यांनी नर्सबाईंना सांगितलं, "पोरीची चूक नव्हती. एकदाही नव्हती." टॅक्सीवाल्या काकांना त्यांनी मलाच फोन लावायला लावला आणि त्यांनाही हेच सांगितलं. पलीकडून काका काहीबाही बोलून विषय सावरत होते, पण बाबांनी वाक्य पुरं केल्याशिवाय फोन माझ्या हातात दिला नाही.

घरी आईनं हाताला मलम लावलं. बाबा आत जाऊन पडल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती मलमाची ट्यूब हातात धरून बसून राहिली.

"तरीच," ती म्हणाली. "कधीपासून मागे लागलेत, शर्टाची बटणं तू लावून दे म्हणून."

"मग तू मला काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? मला वाटलं, म्हातारपणी लाडात आलेत."

ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. टोपण लावलेली ट्यूब तिनं पुन्हा उघडली आणि पुन्हा बंद केली.

सकाळी दवाखान्यात जायचं होतं. मी चपला घालून दारात थांबले होते. आतल्या खोलीत बाबा पट्टी बांधलेला हात बाजूला धरून ताठ उभे होते, आणि आई वरून खाली एकेक बटण लावत होती. बाबा तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. शेवटचं बटण लावून झालं, तरी आई बाजूला झाली नाही आणि बाबाही हलले नाहीत.