हरलेल्याला आलेलं पत्र

माझ्या मुलाला, ओरेस्टला, हरणं सोसत नाही. पन्नाशी उलटली, तरी लिलावात वस्तू दुसऱ्याने नेली की आठवडाभर तोंड फुगवून बसतो. या वेळी मीही त्याला बोलले नाही. वस्तू माझ्या आईची होती. तिच्या लग्नातली रंगवलेली लाकडी पेटी माझ्या भावाने घर आवरताना विकली होती, ती चाळीस वर्षांनी इंटरनेटवरच्या लिलावात दिसली. ओरेस्ट नऊशे डॉलरपर्यंत चढला. कुणीतरी पंचवीस डॉलर जास्त बोललं आणि पेटी गेली.

तिसऱ्या दिवशी तो फोन नाचवत स्वयंपाकघरात आला. मी पिरोहीच्या, आमच्याकडच्या उकडायच्या करंज्यांच्या, कडा दाबत होते.

"आई, पेटी आपली! तो घेणारा मागे हटला. मालकाची ईमेल आलीय, नऊशेतच देतो म्हणतो. फक्त संध्याकाळच्या आत पैसे पाठवायचे."

"कुठे पाठवायचे?"

"थेट त्याच्या खात्यात. साइटवरून दिले तर दलाली कापतात."

खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. झाकणाच्या आत आईच्या इस्त्रीचा डाग आहे, तो डोळ्यांपुढे आला. क्षणभर वाटलं, पाठवू दे.

पण नवरा गेल्यावर ट्रॅक्टर-नांगराचा लिलाव मी स्वतः उभी राहून केलाय.

"ओरेस्ट, आपल्या गावात घेणारा पळाला तर पुकारणारा काय करतो?"

"पुन्हा पुकारतो."

"सगळ्यांसमोर ना? मग हा तुला कोठारामागे नेऊन कानात का सांगतोय?"

"तुला इंटरनेटमधलं काय कळतं गं!"

"लिलाव कळतो. त्या पत्रात कुठे बोट लावू नकोस. रोज जातोस तसा स्वतः साइटवर जा आणि बघ, तिथे तुझ्या नावावर काही आलंय का."

काही नव्हतं. पेटीच्या पानावर 'सौदा पूर्ण' लिहिलं होतं. साइटच्या माणसांना फोन लावला, तर तिकडची पोरगी म्हणाली, "अशी फसवी पत्रं हरलेल्यांनाच जातात, साहेब. आमच्याबाहेर पैसे देऊ नका."

ओरेस्ट खुर्चीत बसला. तोंड पुन्हा फुगलं. मी पिरोही उकळत्या पाण्यात सोडल्या.

"मूर्ख नाहीस तू, ओरेस्ट. पण तुझं फुगलेलं तोंड चोराला लांबून दिसतं. पेटी गेली. माझीही गेली. तेवढं एकदा तोंडाने म्हण, आणि मग जेवायला बस."