राखण, आवृत्ती दुसरी

मी 'राखण' बोलतोय. मोबाइलवरचा खेळ आहे मी, नेम धरून मारायचा. अशा खेळात खेळणारा स्वतः दिसत नाही, दिसतात त्याचे दोन हात आणि हातातलं हत्यार. माझ्या जातभाईंच्या हातात बंदुका असतात आणि भोवती पडकी शहरं. माझ्या हातात गोफण आहे आणि पायाखाली ज्वारीच्या वावरातली मचाण. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडमध्ये जन्मलेला असा दुसरा खेळ असेल तर आणून दाखवा. मला कान असते तर पकडले असते.

मला घडवलं साधनाने. ती बस स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. दोन बॅचच्या मध्ये जेवढा वेळ सापडे तेवढा तिने दोन वर्षं मला दिला. कणसं तिने एकेक करून रंगवली. गोफण कशी फिरते ते बघायला मात्र ती तिच्या आत्याकडे, सोजरबाईकडे गेली. सोजरबाईचा जन्म राखणीत गेलेला. नेम असा की पाखराला न लागता पाखराशेजारचं कणीस हलावं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून नऊ वर्षांत ती मचाणीवर चढलेली नाही.

साधनाने तिची आरोळी मोबाइलमध्ये भरून घेतली, "हुऽऽर्र हा!" वावरात रोही, म्हणजे नीलगायी, नाहीतर रानडुकरं शिरली की माझ्यात ती घुमते. तोच माझा आवाज. इतका खणखणीत आवाज फार थोड्यांच्या नशिबी येतो.

खेळ तयार झाला, आता तो लोकांना कळायला हवा. ते काम साधनाच्या वर्गमित्राने, एजाजने अंगावर घेतलं. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे.

"फिकर नको करू, साधना. असा फ्लेक्स लावतो का रिसोडात उतरलेला माणूस हलला नाई पायजे."

माणसं थांबली, हे खरं. पण आपल्याकडे शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स लागतो का? क्लासचे सर, दुकानाच्या गाळ्याचा मालक, एजाजचे दोन मामा, गल्लीतले दादा, कोणाला वगळणार? चौदा जणांचे गॉगल लावलेले फोटो बसले. मधोमध साधना हात जोडून. माझं नाव सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. दिवसभर लोक साधनाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होते. एकाने तर केक आणला. दुसऱ्याने विचारलं, "ताई, कोन्या वार्डातून उभ्या राहून राह्यल्या?"

हसू नका. माझ्या जन्माच्या दिवशी माझंच नाव कोणी वाचलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

महिनाभरात त्रेसष्ट जणांनी मला उतरवून घेतलं आणि बहुतेकांनी आठवड्यात काढून टाकलं. कारणही त्यांनीच लिहिलं. शेलूबाजारच्या शिवमने मला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "रोही हाकलले तं गेले कुठी? शेजारच्या वावरात! असा राखणदार आमच्या गावात राह्यला तं मार खाईन." त्याच्याखाली अशाच एकतीस तक्रारी.

खरं होतं ते. साधनाने मला बाहेरचे खेळ बघून शिकवलं होतं. आपलं वावर वाचलं की जिंकलो. बांधापलीकडे मला जगच नव्हतं.

त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांना माझा नेम पसंत होता. म्हणाले, खेळ आम्हाला द्या. वावराच्या जागी वाळवंट करू, गोफणीच्या जागी बंदूक, आणि त्या बाईंच्या ओरडण्याच्या जागी भोंगा. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. एका ताऱ्याचा खेळ आणखी कोण घेणार होतं? साधनाचं मन हललं. मी घाबरलो. माझं नाव राहिलं असतं की नाही कोण जाणे, आवाज तर नक्कीच गेला असता.

साधनाने सोजरबाईला तक्रारी वाचून दाखवल्या. म्हातारी भडकली.

"बरोबरच लिहून राह्यले ते! तू मले इचारलं काय, राखन कशी करतेत? नुसती आरोळी दे म्हने. अवं, आरोळी जनावरासाठी थोडीच राह्यते? ते शेजाऱ्यासाठी राह्यते! कोन्या अंगाले गेले ते सांगा लागते त्याले. मंग तो उठते, तो पुढच्याले सांगते, आन् सारे मिळून जनावर जंगलाच्या वाटेले लावतेत."

साधनाने मोबाइल पुन्हा तिच्यापुढे धरला. मग म्हणाली, "आत्या, पुन्हा एकदा आरोळी दे. सारी दे."

तीन महिने ती पुन्हा माझ्यामागे लागली. आता माझ्या प्रत्येक बांधापलीकडे दुसरं वावर आहे आणि त्या मचाणीवर दुसऱ्या गावचा खराखुरा खेळणारा. रोही निसटले की सोजरबाईचा आवाज त्याच्या मोबाइलमध्ये जातो, "गेऽऽले रे, तुह्या वावरात गेले!"

या खेपेला एजाजने फ्लेक्सचं नाव काढलं नाही. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. त्याने तळहाताएवढे स्टिकर छापले, वर माझं नाव मोठं, खाली स्कॅन करायचा कोड, आणि एकही शुभेच्छुक नाही. ते लेकरांच्या बैलांच्या झुलीवर चिकटवले. लोक खाऊ द्यायला वाकले की समोर मीच! दुपारपर्यंत सहाशे मचाणी भरल्या. कारंजा, मानोरा, मालेगाव, कुठून कुठून माणसं आली. वाजतगाजत बैलावर बसून दारात आलो मी. असं भाग्य बंदुकवाल्यांना मिळालंय कधी?

संध्याकाळी क्लासमध्ये सोजरबाईने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि नऊ वर्षांनी मचाणीवर चढली. शेजारच्या वावरात कारंज्याचा धनसिंग नावाचा कोणी होता. त्याच्याकडे रोह्यांचा कळप शिरला. बाईने स्वतःचं वावर सोडलं, बांधावर गेली आणि त्याच्यासाठी गोफण चालवली. तेवढ्यात मागून डुकरं आली आणि तिची ज्वारी साफ केली. माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'तुम्ही हरलात'.

साधनाचा चेहरा पडला. "आत्या, हरली तू."

"हरली तं हरली. त्या कारंज्यावाल्याचं वाचलं का नाई, ते सांग पह्यले."

शेजाऱ्याचं वाचलं की नाही, हे बघायला मला शिकवलंच नव्हतं. मी नुसताच लाल होऊन उभा होतो.

साधना उठली आणि तिने तिथूनच पुण्याला फोन लावला. "नाही साहेब, देणार नाही. आमच्या आत्याचा आवाज काढला, तर त्याच्यात उरतं काय?"

मग ती माझ्यासमोर बसली आणि तिने ती लाल अक्षरं पुसली. आता माझ्यात कोणी हरलं, की मी त्याला हरलात असं म्हणत नाही. मी विचारतो, 'शेजाऱ्याचं वाचलं का?' आणि त्याचं उत्तरही मीच खरंखरं बघून देतो.

कधी मला उघडलंत आणि तुमची ज्वारी गेली, तर घाईने मला बंद करू नका. उत्तर येईपर्यंत थांबा. ते 'हो' आलं, तर ताठ मानेने मोबाइल खिशात ठेवा.