दुपारचा थेंब

चष्मा काढून टाकायचं वेड मुळात समताचं. चौथीत लागलेला नंबर वाढत वाढत उणे सातवर गेला होता, आणि ती शिकवायची त्या साखरखेर्ड्याच्या शाळेतली पोरं आपल्या माघारी 'दुर्बीणबाई' म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेझरची माहिती तिनं काढली, संभाजीनगरच्या दवाखान्याची वेळही तिनंच घेतली. धाकटी सारिका फक्त सोबतीला गेली होती. सारिकाचा नंबर उणे चार. कबड्डी खेळताना ती चष्मा रबरानं डोक्याला बांधायची, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

आलोच आहोत तर म्हणून दोघींचेही डोळे तपासून झाले. समताच्या बुबुळाचा पडदा पातळ निघाला. तिला लेझर झेपणार नाही, डोळा कायमचा अधू होऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. धाकटीचं मात्र कधीही करता येईल, म्हणाले.

सारिका नको म्हणत होती. आग्रह समतानंच केला. मोठ्या बहिणीला शोभेल असं वागायचं म्हणून केला; पण सारिका दुसऱ्याच वाक्याला हो म्हणेल असं काही तिला वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं ऑपरेशन झालं. समता काचेबाहेर बसून होती. डोळा बधिर केला, पापण्या चापानं उघड्या धरल्या, हिरव्या दिव्याकडे बघत राहायला सांगितलं; दोन्ही डोळे मिळून वीस मिनिटांत सारिका बाहेर. केस जळाल्यासारखा वास आला, एवढंच ती म्हणाली. संध्याकाळभर डोळे चुरचुरले, पाणी वाहिलं. सकाळी तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचून दाखवली आणि ती हसत सुटली.

चिखलीला घरी आईजवळ आल्यावर तर बघायलाच नको. काळा गॉगल लावून सारिका गच्चीवर उभी राहायची आणि लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायची. शेजारच्या मनकर्णाबाई येऊन म्हणाल्या, एवढे चांगले डोळे होते तर चष्म्याखाली झाकून काऊन ठेवले होते पोरीनं. त्याच दमात समताकडे वळून विचारलं, तू काऊन नाई केलं? त्या आठवड्यात पातळ पडद्याची गोष्ट समतानं सहाव्यांदा सांगितली.

डोळ्याला पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही आणि दर चार तासांनी थेंब. थेंब टाकायला समतानं शाळेतून रजा घेतली होती. सारिका तिच्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि समताला ते डोळे अगदी जवळून दिसायचे. काळेभोर, चकचकीत, काचेशिवाय. माहिती आपण काढली, वेळ आपण घेतली, आणि मिळालं हिला, जिनं मागितलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी फोनचा गजर वाजला. समतानं तो बंद केला आणि ती बसून राहिली.

डोळे मिटून पडलेल्या सारिकानं विचारलं, "ताई, टाकत नाईस का?"

"टाकलं ना मघाशी," समता म्हणाली.

आणि ती उठून आत गेली.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा उजवा डोळा लाल झाला होता. समतानं दवाखान्यात फोन केला, त्यांनी दाखवायला बोलावलं. संभाजीनगरपर्यंतच्या प्रवासात, आपण हिला आंधळं केलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. थेंब वेळेवर टाकता ना, असं विचारलं. समता तोंड उघडणार तोच सारिका म्हणाली, "हो, ताईच टाकते."

डोळा कोरडा पडला होता, एवढंच. असं पुष्कळांना होतं. जखम छान भरत होती. त्यांनी ओलाव्याचे वेगळे थेंब लिहून दिले.

परतीच्या गाडीत देऊळगाव राजा गेल्यावर समताच्यानं राहवेना. "परवा दुपारी मी थेंब टाकलाच नव्हता," तिनं सांगितलं, आणि परवा नाही, कालच, म्हणून पुन्हा सुधारून सांगितलं.

"मले माईत हाय," सारिका म्हणाली. "थेंब पडला का नाई, हे डोळ्याले समजत नाई का? तू आत गेल्यावर मी आईकडून टाकून घेतला."

"मंग बोलली काऊन नाईस?"

"तुह्या तोंडाकडे पाहून." सारिकानं गॉगल काढून पुसला. "ऑपरेशन झाल्यापासून सगळं सोच्छ दिसते मले. तुहं तोंडही."

समताला हायसं वाटायला हवं होतं. पण खिडकीबाहेर बघताना तिच्या ध्यानात आलं, की आता तिला बहिणीच्या डोळ्यांचाच नव्हे, तिच्या मनाच्या मोठेपणाचाही हेवा वाटू लागला आहे. हे मात्र तिनं सांगितलं नाही. चिखलीला उतरल्यावर औषधाच्या दुकानातून नवे थेंब घेतले, पत्रकावरच्या वेळा वाचल्या आणि सारिकाच्या फोनमध्येही गजर लावून दिले.