मंडलाचं बोट

इंग्रजी अमलात, बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या चांदपोता गावात एका फाल्गुनात बहुतेक घरी दिवसातून एकदाच चूल पेटे. जमीन भाताची होती, पण गोऱ्या साहेबाच्या नीळकोठीचा आमीन, म्हणजे जमीन मोजणारा कारकून, दरसाल यायचा, चांगल्या शेतात खुंटी मारायचा आणि तिथं नीळच पेरावी लागायची. नीळ काही पोटात घालता येत नाही.

"मंडल, यंदा कुणाचं?" आमीन विचारी, आणि गावचा मंडल, म्हणजे मुखिया, हाराधन बोट दाखवी. त्या बदल्यात त्याचं स्वतःचं शेत सुटायचं. माणूस दुष्ट नव्हता. 'मी नाही दाखवलं तर दुसरा दाखवेल,' अशी तो मनाची समजूत घाली.

त्या साली त्यानं मोतालेब शेखचं शेत दाखवलं. मोतालेबनं नांगर धरायला साफ नकार दिला. कोठीच्या लठैतांनी, म्हणजे पगारी लाठीवाल्यांनी, त्याला ओढत नेऊन गोदामात कोंडलं. बाराव्या दिवशी बैलगाडीतून आणून दारात टाकलं. संध्याकाळपर्यंत तो जगला.

दुसऱ्या दिवशी हाराधन जेवायला बसला. त्याची म्हातारी आत्या, बिंदूपिशी, वाढत होती.

"जेव बाबा. गावात आज पोटभर जेवणारा तू एकटाच."

"पिशी, टोमणे नकोत. मी का त्याला मारलं?"

"तू कशाला मारशील? तू नुसतं बोट दाखवलंस. अरे, लठैत चाळीस, आपण सातशे. चाळीस माणसं सातशेंना उपाशी ठेवतात ती कुणाच्या जिवावर? गावागावात त्यांना एकेक हाराधन मिळतो, त्याच्या."

"नाही म्हटलं तर मलाही कोंडतील."

"कोंडतील," पिशी म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

हाराधननं ताट बाजूला सारलं.

चार दिवसांनी आमीन लठैत घेऊन आला. "शेखच्या शेतात आता कोण राबणार? नाव सांग."

हाराधन मोतालेबच्या शेतातल्या खुंटीपाशी गेला. त्यानं वाकून खुंटी उपटली.

"कुणी नाही. या गावात यंदा नीळ होणार नाही."

पहिल्याच काठीला त्याचा उजवा हात मोडला. पण त्याचा नकार ऐकून बायका मुसळं, पितळी थाळ्या घेऊन धावत आल्या, आणि त्यांच्यामागून खाली मान घालून पुरुष. लठैत परतले. पुढं त्यांनी अकरा घरं जाळली. तरी नीळ कुणी पेरली नाही.

हाराधन मोडका हात गळ्यात बांधून मोतालेबच्या दारी गेला. "सकीना, माफी मागायला आलोय."

दाराआडून मोतालेबची बायको म्हणाली, "माफी द्यायची ती त्यांनी. ते नाहीत. पाऊस लागला की भात पेरायचाय, मंडलदादा. एका हातानं जमेल तेवढं करा."

वाचकहो, जुलूम करणारे थोडेच असतात; त्यांना शेजाऱ्याचं दार दाखवणारे आपणच असतो. कुणी नाव विचारलं, तर 'नाही' म्हणा, आणि वेळेवर म्हणा. हाराधननंही म्हटलं, पण मोतालेब गेल्यावर.