दुखतंय कुठे, एवढंच विचारायचे

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बागेतला नव्हे, शाळेतला तर नव्हेच. फुटबॉल खेळणाऱ्यांना ज्याच्यावर झोपवून त्यांचे दुखरे पाय चोळतात, तो बाक. माझ्या अंगाला मलमाचा उग्र वास येतो. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा, पण ऐकून घ्या.

विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कारखान्यात मेपलच्या लाकडाचा माझा सांगाडा तयार झाला, वर निळं रेक्झिन चढलं. पालथं झोपणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून डोक्याकडे एक गोल भोक ठेवलं. मग मला मिनेसोटात, ईडन प्रेरीजवळ, एका व्यावसायिक महिला संघाच्या उपचारांच्या खोलीत आणून ठेवलं. काय थाट होता माझा! हा बाक लकी आहे असं म्हणत मुली माझ्यासाठी थांबून राहायच्या. शेजारच्या नव्याकोऱ्या बाकाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मला जरा शिष्टपणा चढला होता, खोटं कशाला बोलू?

त्या मुलींत माझी लाडकी होती इला. कॅरी गावची, मराठी आईबाबांची, पण जन्म इथलाच, अमेरिकेतला. तिचे बाबा चंद्रशेखर निवृत्त इंजिनियर. त्यांनीच लहानपणी घरामागच्या हिरवळीवर तिचा डावा पाय तयार केला होता. सामना जवळ आला की इला माझ्यावर पडल्या पडल्या घरी फोन लावायची, आणि फोन ठेवण्याआधी बाबा न चुकता म्हणायचे, "डावा पाय विसरू नकोस गं." ते ऐकलं की तिची पाठ सैल पडायची. मला ते लगेच कळायचं.

तिचे पाय बघायची प्रीता, आमची फिजिओ. ती नागपूरची. पाय दाबता दाबता तिच्या गप्पा चालायच्या. एकदा हसत हसत म्हणाली, "आमच्याकडे परीक्षा असली ना, की घरातलं काही सांगतच नाहीत. माझी बारावी चालू होती, तेव्हा आजोबा गेले. मला शेवटच्या पेपरनंतर सांगितलं!" इलाला ते फार विचित्र वाटलं होतं.

त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. इलाच्या कराराचं वर्ष संपत आलेलं, म्हणजे पुढचं सगळं त्या एका सामन्यावर. आणि नेमका त्याच आठवड्यात प्रीताला एक फोन आला. खोलीत फक्त ती आणि मी. इलाची आई, कांचनकाकू, बोलत होत्या. "प्रीता, यांची बायपास ठरलीय, मॅचच्याच दिवशी. तू तिच्याजवळ असतेस म्हणून तुला कळवतेय, पण इलाला सांगू नकोस हं. टेन्शन घेईल पोर. मॅच होऊ दे, मग मी सांगते."

"बरं काकू," प्रीता म्हणाली. अगं, बरं काय बरं! पण माझं कोण ऐकतंय?

त्यानंतर इलाने घरी फोन केला की बाबा कधी झोपलेले असत, कधी वॉकला गेलेले. डाव्या पायाचं कुणी काही बोलेना. पोरगी काय दुधखुळी होती? सामन्याच्या सकाळी ती माझ्यावर पालथी पडली, तेव्हा तिचं सगळं अंग ताठ होतं. मांड्या, खांदे, जबडासुद्धा. रात्रभर डोळा लागला नव्हता तिचा.

"प्रीता, इट्स लाइक युवर बारावी, राइट?" ती हळूच म्हणाली. "आई काहीतरी हाइड करतेय. तुला माहितीये का?"

प्रीताचे हात क्षणभर थांबले. मग ती म्हणाली, "आत्ता फक्त पायाकडे लक्ष दे. दुखतंय कुठे?"

माझ्या भोकातून खाली फरशीवर पाणी टपकत राहिलं. नंतर प्रीताने ते पुसलं. तिला तो घाम वाटला असावा.

दुपारी इलाला स्ट्रेचरवरून माझ्याकडेच आणलं. कुणी तिला धक्काही मारला नव्हता. एकटी वळली, पाय रुतला आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. डॉक्टर म्हणाले, गवत ओलं होतं, थकवाही असेल. मनाच्या ताणामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. नसेल येत. पण झोप नसली, जीव दुसरीकडे अडकलेला असला, की पाय पडायला हवा तिथे पडत नाही. ते ताठ अंग मी सकाळी झेललं होतं, त्यांनी नव्हे.

गुडघ्यावर बर्फ होता आणि फोन वाजला. कांचनकाकूंचा आवाज आनंदाने थरथरत होता. "झाली ना गं मॅच? आता सांगते. बाबांची बायपास झाली. अगदी व्यवस्थित आहेत. सकाळपासून हॉस्पिटलमध्येच होतो, मॅच बघताच आली नाही. तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही, रागावू नकोस हं. तू कशी आहेस?"

इलाने माझी कड घट्ट धरली. "मॅच मस्त झाली, आई," ती म्हणाली. "मी बरी आहे. बाबांना सांग, डावा पाय लक्षात होता."

प्रीता तोंड फिरवून उभी राहिली.

इलाला पुढचा करार मिळाला नाही. गुडघा चालतो, पण पूर्वीसारखा पळत नाही. खोलीत विजेवर वर-खाली होणारे बाक आले आणि मला सामानाच्या खोलीत ढकललं. माझ्यावर आता पाण्याच्या बाटल्यांची खोकी असतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या सकाळचं.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे ना? मग आपल्या माणसाला दुखतंय कुठे एवढंच विचारू नका, झोप लागली का तेही विचारा. त्याने घरचं काही विचारलं तर खरं सांगा. आणि कुणी घाईघाईने "मी बरी आहे" म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका.