अण्णांच्या नावावरून

भिमाजीअण्णा वारल्याची बातमी आली त्या दिवशी रामहरी जेवला नाही. मनकर्णाला नवल वाटलं. लग्न झाल्यापासून ती बघत आली होती, अण्णांचं नाव निघालं की नवऱ्याच्या कपाळाची शीर फुगायची. आणि आज ताट तसंच ठेवून तो ओसरीवर बसून होता.

"अवो, जेवा की. तुमचा दुश्मन गेला," ती म्हणाली.

"दुश्मन न्हवता त्यो," रामहरी म्हणाला. "आपला हुता. म्हनून तर."

जामखेडच्या त्या कोरड्या पट्ट्यात अण्णांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. ऊसतोड कामगारांचा पुढारी. सुरुवातीला लाल झेंडा खांद्यावर घेऊन सायकलवर गावोगाव फिरलेला. त्यांच्या एका शब्दावर हजारो कोयते उसाच्या फडात जायचे थांबायचे. पुढे ज्या कारखानदारांच्या नावानं त्यांनी घोषणा दिल्या, त्यांच्याच पक्षाचं तिकीट घेतलं, आमदार झाले, मंत्री झाले. कुणी म्हणे अण्णांनी आपल्याला माणसात आणलं, कुणी म्हणे आपल्याला विकलं. दोन्ही बोलणारी माणसं एकाच टोळीत, एकाच फडात ऊस तोडत असायची.

रामहरी आणि आसाराम हे त्यातलेच. गावं वेगळी, पण दोघांची ओळख बेलापूरकडच्या एका फडात झाली तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. नंतर प्रत्येक हंगामात दोघांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, शेजारी शेजारी. दिवसभर मोळ्या वाहायच्या आणि अंधार पडला की चुलीसमोर बसून अण्णांवरून भांडायचं.

"दाराभायेर उभं राहून वरडल्यानं काय मिळतं, राम्या?" आसाराम म्हणायचा. "आत जाऊन खुर्चीवर बसाया लागतं. अण्णा आत गेले म्हनून आश्रमशाळा आली. पोरं तिथं ऱ्हायली, शिकली. न्हाईतर आपल्यामागं फडातच हिंडली असती."

"आत गेलेला मानूस भायेरच्याचा ऱ्हात न्हाई. झेंडा खाली ठिवला त्याच दिवशी समदं संपलं."

"झेंडा खातुस का भाकरीसंगं?"

"आन् तू खुर्ची खातुस का?"

मग दोघं हसायचे. आसारामची बायको लंकाबाई आणि मनकर्णा पलीकडे भाकरी थापता थापता एकमेकींकडे बघायच्या. या भांडणात कुणी कधी जिंकलं नाही आणि एका रात्रीचाही अबोला झाला नाही. फक्त एका गोष्टीला आसाराम हात लावायचा नाही. अण्णांनी पुकारलेल्या संपाच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर लाठीमार झाला, त्यात रामहरीच्या धाकट्या भावाचा, आदिनाथचा गुडघा फुटला. त्याला पाठुंगळीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाला तो आसारामच. त्यानंतर पहिलीच निवडणूक आली तेव्हा अण्णा त्याच कारखान्याच्या चेअरमनच्या शेजारी हार घालून बसले होते. आदिनाथ लंगडत जगला. त्याला कुणी पोरगी दिली नाही. तो प्यायला लागला आणि तरुणपणीच गेला. एवढा विषय आला की आसाराम तंबाखूची पुडी रामहरीपुढे सरकवायचा.

मुलं मोठी झाली. आसारामचा वैजनाथ अण्णांच्याच आश्रमशाळेत शिकून जामखेडला शिक्षक झाला. आसारामनं रामहरीकडे त्याच्या लेकीला, धनश्रीला, मागणी घातली. "पर घरात अण्णांचा फोटू हाय बरं का. पोरीला चालंल का?" त्यानं विचारलं. "तोंड भिताडाकडं करून ठिव," रामहरी म्हणाला, आणि सोयरीक जमली. लग्नात दोघं व्याही गळ्यात गळा घालून रडले होते.

अण्णांच्या शोकसभेला जायला रामहरी तयार नव्हता. आसारामचा फोन आला. "मला बोलाया लावलंय रं. मला एकट्याला जमायचं न्हाई. तू नुसता म्होरं येऊन बस." म्हणून तो धुतलेलं धोतर नेसून जामखेडला गेला.

मांडव भरला होता. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. अण्णा देवमाणूस, अण्णा गरिबांचा बाप. रामहरी मान खाली घालून ऐकत होता. मग पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक तरुण पुढारी उठला. संप झाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नसावा. तो म्हणाला, "अण्णांनी एवढा मोठा लढा दिला, पण त्यांचं नेतृत्व असं, की एकाही कामगाराला साधं खरचटलं नाही!" टाळ्या पडल्या.

रामहरी उभा राहिला.

"खोटं हाय ते," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "माझ्या भावाचा गुडघा फोडला हुता. आदिनाथ नाव त्याचं. त्याचं नाव तरी घ्या."

मांडवात गलका उठला. खाली बसा, बाहेर काढा, कोण आहे हा. दोघातिघांनी त्याचा दंड धरला. कुणीतरी मंचावर बसलेल्या आसारामच्या हातात माईक दिला, "तुमचे व्याही आहेत ना? तुम्हीच सांगा." रामहरीनं त्याच्याकडे पाहिलं. आता हा सांगेल. यानंच तर उचलून नेलं होतं. याच्याच सदऱ्याला रक्त लागलं होतं.

आसारामनं ओठांवरून जीभ फिरवली. समोर एवढी माणसं. "बसा, पाव्हनं," तो म्हणाला. "आदिनाथ दारूनं गेला. लाठीनं न्हाई."

दंड धरणाऱ्यांची गरज उरली नाही. रामहरी स्वतःच मांडवाबाहेर गेला.

मनकर्णानं सभेतलं ते चित्रण शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर पाहिलं. तालुकाभर ते फिरत होतं. खाली कुणी रामहरीला गद्दार लिहिलं होतं, कुणी आसारामला चमचा. ती रामहरीजवळ जाऊन बसली. तो हातातली काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "मला पाव्हनं म्हनला त्यो. एवढ्या वर्सात कंदी म्हनला न्हवता." आणि पुन्हा काही वेळानं, "खोटं बोलला असता तर चाललं असतं गं. खरंच बोलला. पर अर्धंच."

धनश्रीला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आणायला बापानं जायचं. भाऊ तिला नव्हता. मनकर्णानं घर सारवून घेतलं, डिंक आणला, बाज उन्हात टाकली. "कंदी जाताय?" ती रोज विचारायची. रामहरी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा.

"त्या घराचा उंबरा मी चढनार न्हाई," शेवटी तो म्हणाला.

"पोरीचा काय गुन्हा?"

"तिला येऊ दे की. वैजनाथ आनून सोडंल. मी न्हाई म्हनलो का?"

मनकर्णानं फोन लावला. धनश्री ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आई, आबा न्यायला आल्याबिगर मी न्हाई येनार. इथली मानसं काय म्हनतील? बापानं टाकली म्हनतील." तिचा आवाज एकदम चढला. "आबांना एक इचार. ह्या अण्णांनी माझं काय घोडं मारलंय? मी तर त्यांना जित्तेपनी कंदी बघितलंबी न्हाई. मग मीच का बसू इथं तुमची वाट बघत?"

रामहरी शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं. तो गोठ्याकडे निघून गेला.

आणलेला डिंक डब्यात तसाच राहिला. धनश्री जामखेडच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. मनकर्णा एकटीच एसटीनं गेली. लंकाबाईनं तिला मिठी मारली. धनश्रीनं आईच्या मागे दाराकडे पाहिलं, कुणी नाही असं दिसल्यावर बाळाचं दुपटं उगाच नीट करत बसली.

निघताना आसाराम बाहेर बाकड्यावर भेटला. वाळला होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी तसं बोलाया नको हुतं. हातात माईक आला, समोर सगळी अण्णांची मानसं. लाज वाटली मला राम्याची. आन् नंतर माझीच वाटली." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "त्याला म्हनावं, माफ करू नको. पर भांडाया तरी ये. ह्या लोकांसंगं मला बोलताबी येत न्हाई. समदी हो म्हनत्यात."

मनकर्णानं शब्दन् शब्द घरी सांगितला. रामहरी ऐकताना दोनदा हसल्यासारखा झाला. मग म्हणाला, "त्यानं माझ्या दारात यावं. आदिनाथनं काय सोसलं ते माझ्याम्होरं म्हनावं. मग बघू." बारशाला तो गेला नाही. पोरीचं नाव सृष्टी ठेवलं, हे त्यानं बायकोकडून ऐकलं आणि दोनचारदा पुटपुटून पाहिलं.

पण काहीतरी हललं होतं. मनकर्णा बांधावर भाकरी घेऊन जायची तेव्हा तो एकटाच बोलत असायचा. हात उडवायचा, मान हलवायचा. भांडणाची तयारी चालली होती. "आखाजीला जाऊ," एकदा तो आपणहून म्हणाला. मनकर्णानं बाळासाठी झबलं शिवायला टाकलं.

आखाजीच्या सणाआधीच वैजनाथचा फोन आला. आसाराम आंघोळीला बसला असताना पडला होता. नगरला नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. घरी आणल्यावर तो माणसं ओळखेनासा झाला होता, लंकाबाईलासुद्धा कधी ओळखायचा, कधी नाही.

रामहरी मनकर्णाच्या आधी फाट्यावर जाऊन उभा राहिला. व्याह्याच्या घराचा उंबरा आपण कधी चढलो हे त्याला कळलंही नसेल. कॉटवर आसाराम उशीला टेकून बसवला होता.

"कोन आलंय बगा," लंकाबाई म्हणाली. "तुमचा राम्या आलाय."

आसारामनं पाहिलं. दारावर आलेल्या परक्या माणसाकडे बघून हसावं तसा अर्ध्या तोंडानं हसला.

रामहरी खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. "आलो बाबा भांडाया," तो म्हणाला. मग पुढे वाकून म्हणाला, "तुझा अण्णा चोर हुता."

आसाराम हसत राहिला.

"लबाड हुता! झेंडा विकला त्यानं! ऐकतुस का?" रामहरीचा आवाज वाढला. "बोल की! आयघाल्या म्हन मला!"

धनश्री बाळाला घेऊन आतून धावत आली. "आबा, आता तरी गप बसा! आता तरी सोडा त्यांना!" मनकर्णानं तिला धरलं. मनकर्णाला दिसलं होतं. रामहरीच्या गालावरून पाणी गळत होतं आणि ते त्याला माहीतच नव्हतं.

मग तो हळू बोलायला लागला. "बरं. तुला बोलता येत न्हाई. मग तू म्हनशील, राम्या, आश्रमशाळा कुनी काढली? तुझा जावई कुठं शिकला? तुझी पोरगी आज फडात न्हाई, पक्क्या घरात हाय, ती कुनाच्या जिवावर? अण्णा खुर्चीवर बसला नसता तर जावयाच्याबी हातात कोयताच असता का न्हाई? असंच म्हनशील ना?" आसारामच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाला, "ह्याला मला उत्तर न्हाई रं. कंदीच न्हवतं. पर माझ्या भावाचंबी उत्तर कुनाकडं न्हवतं."

लंकाबाई तोंडाला पदर लावून आत गेली. आसारामचे डोळे मिटले होते. त्याला झोप लागली होती.

रामहरी त्याच्या अंगावर चादर सारखी करून उठला. धनश्रीनं त्याला पाणी दिलं. झबलं घेतलं, बाळाच्या अंगाला लावून पाहिलं. ते लहान झालं होतं.

"तिला घिऊन ये की चार दिस," रामहरी म्हणाला.

"बघू," धनश्री म्हणाली. "आता मामांचं समदं मलाच बघाया लागतं." तिनं बाळ त्याच्या हातात दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही. नुसतं एक बोट पुढे करून नातीच्या पावलाला लावलं. पोरीनं पाय आखडून घेतला.

फाट्यावर दोघं एसटीची वाट बघत उभी राहिली. ऊन कलत होतं.

"त्याचं म्हननं मी नीट मांडलं का गं?" रामहरीनं विचारलं. "का काय राहिलं? त्यानं आजून काय सांगितलं असतं?"

मनकर्णानं आठवून पाहिलं. इतके हंगाम ती दोन कोप्यांच्या मधल्या चुलीपाशी बसून ते भांडण ऐकत होती. आवाज आठवत होते, हसणं आठवत होतं. शब्द आठवत नव्हते.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली.

गाडी आली. गच्च भरलेली होती. रामहरीला पुढच्या दांडीला धरायला मिळालं, ती मागे दारापाशी अडकली. मधल्या माणसांच्या डोक्यांमधून तिला त्याचं फक्त मुंडासं दिसत होतं. ते मधूनमधून हलत होतं. तो कुणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखं.